पुडीमागे दोन नाणी

"सत्तेचाळीस," मोहन म्हणाला.

"पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच. ही दहावी पुडी होती. आधीच्या नऊ पुड्यांत कुठे अठ्ठेचाळीस रुपये निघाले, कुठे सत्तेचाळीस, एकीत एकोणपन्नास. पुडीवर लिहिलेले पन्नास एकीतही नव्हते. काउंटरच्या अलीकडे मी आणि आमचा शिपाई मोहन. पलीकडे तिघे जण. नाणी घेऊन आलेला सखाराम, त्याच्या वाडीचे अध्यक्ष विठोबाआण्णा, आणि वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दत्ता. तिघेही मोहनच्या बोटांकडे बघत होते.

"सगळ्या फोडा," दत्ता म्हणाला. "प्रॉपर चेक होऊ दे."

सगळ्या म्हणजे एकशे साठ.

मी पोलादपूरच्या एका बँकशाखेत हेड कॅशियर होते. हेड कॅशियर म्हणजे तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक जिच्या कमरेला असते आणि दिवसाअखेर रोकड जुळली नाही तर जिला घरी जाता येत नाही, ती बाई. महाडहून रोज जाऊन-येऊन एकोणीस वर्षं केली. आता निवृत्त झाले आहे. बँकेचं नाव सांगत नाही आणि वाडीचंही नाही. कुडपणच्या अंगाला डोंगरात ती वाडी आहे, एवढं पुरे.

आधी पुड्यांबद्दल सांगते, कारण त्या पुड्या माझ्यामुळेच जन्माला आल्या.

नोटा मोजायला मशीन असतं. नाण्यांना आमच्यासारख्या लहान शाखेत काही नसतं. दहा-दहाच्या चवडी लावायच्या आणि मान मोडेपर्यंत मोजायचं. दरवर्षी शिमगा झाला की वरच्या वाड्यांमधून देवीची नाणी येत. गोणपाटात, सुटी. त्यातही या वाडीची नाणी म्हणजे शिक्षाच. त्यांच्याकडे पालखी घरी आली की बाया हळदकुंकू तेलात कालवतात, रुपया त्यात बुडवतात आणि देवीला वाहतात. ते पुसायचं नाही, धुवायचं तर मुळीच नाही. धुतलं म्हणजे वाहिलेलं परत घेतलं, असं ते मानतात. ती नाणी मोजून झाली की आठवडाभर माझी बोटं लाल-पिवळी राहायची. डब्यातल्या पोळीला तेलाचा वास यायचा.

एका वर्षी मी वैतागले आणि बिरवाडीच्या एका लेथवाल्याकडून एक नळी करून घेतली. ॲल्युमिनियमची, हातात मावेल एवढी, उभी अर्धी चिरलेली, एका टोकाला बूड. आतल्या बाजूला रेघ, रुपयाच्या प्रत्येक छापाला वेगळी. रुपये बुडापासून एकाला एक चिकटवत रेघेपर्यंत भरायचे, की झाले पन्नास. मग उघड्या बाजूने कागद गुंडाळायचा, दोन्ही टोकं दुमडायची आणि पुडी बाहेर काढायची. मोजायचं नाहीच, फक्त भरायचं. दोन रुपयांची नळी वेगळी, पाचाची वेगळी. रेघ मारताना मी तिजोरीतली सीलबंद पिशवी फोडून कोरे करकरीत पन्नास रुपये लावले होते. लेथवाल्याने मजुरीसुद्धा घेतली नाही.

नळी चालली. व्यापाऱ्यांना पुड्या देता येऊ लागल्या, मोहनचा दिवस वाचू लागला. मग साहेब लोकांच्या कानावर गेलं. रीजनल ऑफिसने ड्रॉइंग मागवलं, कौतुकाचं पत्र दिलं, बँकेच्या मासिकात माझा नळी धरलेला फोटो आला. इतर शाखांनाही नळ्या गेल्या. तोवरच्या नोकरीत मला कोणी साधं 'छान' म्हटलं नव्हतं. मी हवेत होते, हे कबूल करते.

त्याच हवेत मी एक नळी सखारामला दिली.

सखाराम साठीच्या आसपासचा. थोडी नाचणी, चार म्हशी, बोलणं कमी. देवीच्या पेटीची किल्ली त्याच्या घरात होती आणि पालखी उठताना पहिला खांदा त्याच्या घरचा. हा त्यांचा मान. किती पिढ्यांचा, ते त्यालाही सांगता येत नसे. पेटी उघडली की पाच घरचे पाच जण देवळात बसून नाणी मोजत आणि चवड झाली की मोठ्याने आकडा सांगत. दोन दिवस जायचे. मी त्याला म्हटलं, सखारामदादा, हे घ्या, एकटा माणूस एका दुपारी उरकेल.

मी त्याला आमच्या कॅशमधले रुपये भरून दाखवले. त्याने नळी उलटीपालटी करून पाहिली.

"मॅडम, आमच्या नाण्यांना कुंकू असतंय. चालंल?"

"रुपया तो रुपया," मी म्हटलं. "फक्त एका छापाचे एका वेळी भरा. जुने-नवे मिसळू नका."

त्याने तेवढंच केलं. छाप निवडले, रेघेपर्यंत भरलं, कागद गुंडाळला, वर पेन्सिलीने पन्नास लिहिलं. बाकीचे चौघे त्या वर्षी मोजायला बसलेच नाहीत. नळी असताना कशाला बसतील? एकशे साठ पुड्या झाल्या. देवळात आकडा जाहीर झाला, आठ हजार. आणि दुसऱ्या दिवशी तिघे जण जीपने खाली माझ्याकडे आले.

खरं तर मी त्या पुड्या न फोडताच घेणार होते. पण नियमाने दहा तरी तपासायच्या असतात. तिथून हे सगळं सुरू झालं.

एकशे साठ पुड्या फोडून मोजायला दुपारचे तीन वाजले. सात हजार सहाशे एकोणसाठ. तीनशे एकेचाळीस कमी.

दत्ता मुंबईत एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याने मुद्द्याचं विचारलं. "मॅडम, या नळीची काय मिस्टेक असू शकते का?"

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते आज शाळेतलं पोर सांगेल. तीच नाणी, तीच नळी, समोरच्या समोर भरून बघायची. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. माझ्या डोक्यात मासिकातला फोटो होता. मी म्हटलं, "नळी चुकत नाही. भरणाऱ्याचं काही चुकलं असेल तर बघा."

दत्ताने सखारामकडे पाहिलं. विठोबाआण्णांनीही पाहिलं.

"प्रत्येक पुडीत दोन-दोन कमी," दत्ता म्हणाला. "म्हणजे कुणाच्या डोळ्यात यायला नको."

आज विचार केला की स्वतःचीच चीड येते. चोरायचंच असतं तर त्याने सरळ सात पुड्या कमी बांधल्या असत्या. किल्ली त्याच्याकडे, मोजणारा तो एकटा, विचारणारं कोण होतं? एकशे साठ पुड्यांतून दोन-दोन रुपये उपसत बसणारा चोर मी नोकरीत कधी पाहिला नाही. सगळ्या पुड्यांत सारखीच चूक असेल तर ती मापाची असते, माणसाची नसते. हे कॅशियरला पहिल्या वर्षी शिकवतात.

सखाराम एवढंच म्हणाला, "मी घेतलं नाय, मॅडम."

"मी कुठे म्हणते घेतले? पण कमी आहेत ना? भरून टाका आणि विषय संपवा. आमच्यात असंच करतात."

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. कॅशियरची रोकड कमी भरली की तो चौकशीची वाट बघत नाही. स्वतःच्या खिशातून भरतो आणि घरी जातो. त्याला कोणी चोर म्हणत नाही. उलट, सरळ माणूस आहे, लगेच भरले, असं म्हणतात. मीही नोकरीत कितीदा तरी भरलेत. एकदा अख्खे दोन हजार भरले आणि नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही. बँकेत भरणं म्हणजे हात स्वच्छ करणं. म्हणून मला तो सल्ला अगदी चांगला वाटला. मनापासून दिला.

सखाराम म्हणाला, "देवीचं कमी पडाया नको." बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या. तीनशे चाळीस होते. वरचा एक रुपया मोहनने आपल्या खिशातून टाकला. मी स्लिपवर आठ हजारांचा शिक्का मारला. दत्ताने स्लिपचा फोटो काढला आणि तिथेच उभ्याउभ्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कमी पडलेले तीनशे एकेचाळीस सखारामने भरले.

माझी रोकड त्या दिवशी पैशाला पैसा जुळली. पाचची एसटी मिळाली.

चार दिवसांनी मोहन सकाळी पाण्याची बाटली ठेवायला आला तो तिथेच उभा राहिला. तो त्याच बाजूचा, पलीकडच्या वाडीतला.

"मॅडम, सखारामाची किल्ली काढली."

"कोणी?"

"गावकीनं. मुंबईकर परत जायच्या आदी बैठक घेतली. खांदा पन काढला. आता दोनी मान खालच्या आळीला."

गावकी म्हणजे सगळ्या घरांची मिळून बसणारी बैठक. तिथे वकील नसतो आणि अपीलही नसतं.

"पण त्याने पैसे भरले ना?"

मोहनने बाटली टेबलावर ठेवली. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, पण घरी वाडीतलाच. "मॅडम, भरले म्हनूनच काढली. घेतलं नसतं तर भरलं असतं का, असं सगळे म्हनतात."

मला खरंच सुचलं नव्हतं. आमच्याकडे जे हात धुणं, तेच तिकडे कबुली. आणि ती कबुली मी माझ्या काउंटरवर, माझ्या शिक्क्याने त्याच्याकडून घेतली होती. मी मोहनला म्हटलं, गावकीचं आपण काय करणार. तो गेला. मी पाणी प्यायले आणि काउंटर उघडला.

पंधरा दिवसांनी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने रुपये परत आणून टाकले. "मॅडम, गिऱ्हाईक घेत नाय. हाताला तेल लागतंय." ती वाडीची नाणी होती. बँकेच्या ताब्यात आलेली नाणी धुवायला आम्हाला कोणाची मनाई नव्हती. मोहनने ती सोड्याच्या गरम पाण्यात घातली, घासली, गोणपाटावर वाळवली. मी पुड्या बांधायला घेतल्या. नळी रेघेपर्यंत भरली, सवयीने एक पुडी मोजली. पन्नास. दुसरी मोजली. पन्नास.

मग मोहनला न धुतलेली पिशवी आणायला सांगितली. त्यातले पन्नास मोजून नळीत भरले. रेघ ओलांडून दोन रुपये वर आले. दुसरे पन्नास भरले. तीन वर.

त्यात मोठं गणित नाही. हळदकुंकू आणि तेल वाळून नाण्यावर थर बसतो. थर कसला, नख लावलं तर सुटेल एवढा पातळ. पण पन्नास नाण्यांना शंभर बाजू असतात. शंभर थर एकावर एक आले की दोन नाण्यांएवढी उंची होते. माझी नळी नाणी मोजत नव्हतीच. ती उंची मोजत होती. मी रेघ मारली कोऱ्या नाण्यांवर आणि हातात दिली अशा माणसाच्या, ज्याच्याकडे कोरं नाणं कधी येतच नाही. आणि त्याने मला आधी विचारलं होतं.

मोहनने ते वरचे दोन-तीन रुपये उचलून बाजूला ठेवले.

मी मॅनेजरकडे गेले. तरुण मुलगा, वाईट नव्हता. त्याला सगळं भरून दाखवलं.

"मॅडम, हे तुम्ही लेखी देणार?"

"द्यायला नको?"

"ही नळी आता चाळीस शाखांत आहे. तुमच्या नावाने आहे. तुमची दोन वर्षं राहिलीत. मी तुम्हाला अडवत नाही, पण कस्टमरचं अकाउंट टॅली आहे, कम्प्लेंट कुणाची नाही. मग रिपोर्ट कशाचा?"

कम्प्लेंट कुणाची नाही, हे बरोबरच होतं. सखाराम तक्रार करायला येणार नव्हता. मी टेबलावर परत आले आणि रिपोर्ट लिहिला नाही. स्वतःला सांगितलं की गावकी आता मे महिन्यात मुंबईकर आल्याशिवाय बसत नाही, तोवर काही करूनही उपयोग नाही. हे खरं होतं. आणि मला सोयीचंही होतं. त्या दीड महिन्यात सखाराम एकदा बँकेत आला, दुधाचे पैसे काढायला. माझ्या काउंटरला रांग नव्हती तरी तो दुसऱ्या काउंटरच्या रांगेत उभा राहिला. मी हाक मारू शकले असते. मारली नाही.

मे महिन्यात एका रविवारी मी मोहनला घेऊन वर गेले. पिशवीत नळी, धुतलेले शंभर रुपये आणि न धुतलेले शंभर. देवळापुढच्या मांडवात बैठक बसली होती. चाळीसेक माणसं, निम्मी मुंबईची. सखाराम मागे, खांबाला टेकून. पूर्वी तो पेटीशेजारी बसायचा, असं मोहनने हळूच सांगितलं.

मी उभी राहिले आणि आडवळण न घेता सांगितलं, "चूक माझी आहे. सखारामदादांनी एक रुपया घेतलेला नाही." मग नळी भरून दाखवली. आधी धुतलेली नाणी, मग त्यांची न धुतलेली. दत्ताला बोलावून त्याच्या हातांनी भरायला लावली. तो तीनदा भरून मोकळा झाला आणि खाली बसला. पोरंसोरं, बाया, सगळ्यांनी बघितलं. कोणाला समजलं नाही असं झालं नाही. कुंकवाने जागा खाल्ली, असं एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, ते माझ्या सगळ्या भाषणापेक्षा नेमकं होतं.

विठोबाआण्णा म्हणाले, "मॅडम, तुमी आलात, चूक मानलीत, बरं केलंत. पन येक सांगा. त्यानं घेतलंच नव्हतं, तर भरलं कशाला?"

"मी सांगितलं म्हणून."

"तुमी सांगितलं तरी. आपलं नाय त्याचं पैसं कोन भरतो?"

मी बँकेची रीत समजावून सांगितली. कॅशियर, रोकड, खिसा, सगळं. लोक ऐकत होते, पण बघत होते सखारामकडे. मी बोलत गेले आणि बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं. आपली चूक नसताना पैसे आपण होऊन भरायचे आणि त्याला सरळपणा म्हणायचं, ही रीत डोंगरावर कोणाला पटणार होती?

त्यांनी आपसात चर्चा केली. मग आण्णांनी निर्णय सांगितला. देवीकडे तीनशे एकेचाळीस रुपये जास्तीचे आलेले आहेत. ते सखारामला परत करायचे. मान मात्र जिथे दिला तिथेच राहील. खालच्या आळीने किल्ली घेताना देवीला नारळ दिलाय, कौल लागलाय. दिलेला मान परत मागता येत नाही.

"म्हणजे निर्दोष असूनही?" मी विचारलं.

"दोष कोन देतंय?" आण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न सुटला.

पैसे तिथेच मोजून दिले. आण्णांनी सखारामला नावाने हाक मारली. तो पुढे आला, दोन्ही हात पुढे केले, पैसे घेतले. रुपया सुटा होता, तो मोहनला दिला. पाया पडला आणि परत खांबाकडे न जाता मांडवाबाहेर निघाला. मी त्याच्या मागे गेले.

"दादा, नसते घेतले तरी चाललं असतं. तोंडावर सांगायचं होतं, मला पैसे नकोत, माझा मान द्या."

तो थांबला. दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"मॅडम, भरलं तर म्हनले चोर हाय म्हनून भरलं. आता नाय घेतलं तर म्हनतील, पैसं याचं नव्हतंच, देवीचं होतं, म्हनून घेतलं नाय."

त्याची म्हशींची वेळ झाली होती. तो गेला.

सोमवारी मी रीजनल ऑफिसला लेखी रिपोर्ट दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नळीचा वापर फक्त स्वच्छ नाण्यांसाठी करावा, अशी सूचना सर्व शाखांना दिली आहे, आपल्या जागरूकतेबद्दल आभार. पुढच्या शिमग्याला पालखी उठली तेव्हा पहिला खांदा खालच्या आळीचा होता. सखाराम त्या दिवशी गुरं घेऊन रानात गेला होता, असं मोहनने सांगितलं. पेटीतली नाणी आता पुन्हा पाच जण बसून मोजतात. त्यांनी नळी मोहनच्या हाती परत पाठवली, कागदात नीट गुंडाळून.

निवृत्तीनंतर बँकेने मला नव्या कॅशियर मुलांसमोर दोनदा बोलायला बोलावलं. मी त्यांना एवढंच सांगते की रोकड कमी पडली तर आधी माप तपासा, मग माणूस, आणि खिशात हात सगळ्यात शेवटी घाला. मुलं लिहून घेतात. भरलेले पैसे कोणत्या व्हाउचरने परत मिळतात, असा प्रश्न एखादा विचारतो. त्याचं व्हाउचर असतं, ते मी सांगते. गेलेल्या मानाचं नसतं.